संगीतकार रोझा ऐकायचाय? मग रथांच्या शर्यतीपासून सुरुवात करू नका

'बेन-हर' हा जुना हॉलिवूड सिनेमा म्हटलं की आपल्याकडे साठीच्या पुढचा माणूस रथांची शर्यत सांगायला लागतो, माझे बाबा तर हातवारे करून सांगतात, चाकाला लावलेली पाती वगैरे सगळं, आणि वर ठरलेलं वाक्य, "काय म्युझिक होतं त्या शर्यतीला!" मी कित्येक वर्षं ते खरं धरून चाललो. मग एकदा मुद्दाम हेडफोन लावून तो सीन बघितला तर शर्यतीत म्युझिकच नाहीये. एक सूर नाही. टापा, चाकं, लोकांचा आरडाओरडा, संपलं. म्युझिक आहे ते शर्यतीच्या आधी, रथ मैदानात रांगेने फेरी मारतात तेव्हा, आणि ते इतकं दणदणीत आहे की बाबांच्या डोक्यात ते पुढची सगळी शर्यत वाजत राहिलं असणार. त्यांना हे सांगितलं तर म्हणाले तुझ्या मोबाईलमध्ये आवाज कापला गेला असेल.

तर हे ज्याने केलं तो मिक्लोश रोझा. हंगेरियन लोक आपल्या मार्कशीटसारखं आडनाव आधी लावतात म्हणजे तिकडे तो रोझा मिक्लोश. हॉलिवूडच्या जुन्या काळातला मोठा संगीतकार, तीन ऑस्कर, आणि त्याचबरोबर आयुष्यभर सिनेमाशी संबंध नसलेलं कॉन्सर्टचं संगीतही लिहीत राहिला. हा लेख ज्यांनी वेस्टर्न क्लासिकल कधी धड ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी. मी काही संगीततज्ज्ञ नाही, लहानपणी पेटीच्या दोन परीक्षा दिल्यात, बाकी सगळं ऐकून ऐकून.

आधी माणूस, थोडक्यात

जन्म बुडापेस्ट, १९०७. आई पियानो वाजवणारी, मामा ऑपेराच्या ऑर्केस्ट्रात व्हायोलिनवर, पोराच्या हातात पाचव्या वर्षी व्हायोलिन. वडिलांची उत्तर हंगेरीत मात्रा डोंगराच्या पायथ्याशी शेतीवाडी होती, तिथे उन्हाळ्यात गेलं की शेतमजुरांची गाणी कानावर पडायची आणि हा ती उतरवून घ्यायचा. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे सारखी लागणार आहे. वडिलांची इच्छा म्हणून लाइप्झिगला केमिस्ट्रीला नाव घातलं आणि मग तिथल्याच संगीत विद्यालयात सटकला (ही स्टोरी मराठी घरात वेगळी सांगायला नको). पुढे पॅरिस, तिथे नाव होत होतं पण पैसे नव्हते, तेव्हा ऑनेगर नावाच्या मोठ्या संगीतकाराला विचारलं की तुमचं घर कसं चालतं, तो म्हणाला सिनेमाला संगीत देतो. मग लंडन, तिथे सिनेनिर्माता अलेक्झांडर कोर्डा, तोही हंगेरियन. कोर्डाचा 'द थीफ ऑफ बगदाद' युद्धामुळे लंडनमध्ये अर्धवट राहिला आणि तो पुरा करायला सगळे हॉलिवूडला गेले, त्यात रोझाही, आणि तो तिकडचाच झाला. त्या सिनेमातला पोरगा म्हणजे आपला साबू, म्हैसूरच्या माहुताचा मुलगा. १९४२ च्या 'जंगल बुक'मध्येही साबूच, आणि त्या संगीताच्या रेकॉर्ड निघाल्या त्यात गोष्ट सांगणारा आवाजही साबूचा. सिनेमाचं नुसतं पार्श्वसंगीत रेकॉर्डवर विकायचं हे तेव्हा अमेरिकेत नवीनच होतं.

तयारी

इअरफोन लागतील, दोनशे रुपयांचे असले तरी चालतील, पण मोबाईलच्या स्पीकरवर ऐकू नका कारण रोझाची अर्धी गंमत खाली खर्जात आहे आणि ती मोबाईलच्या स्पीकरमधून येतच नाही. दुसरं, ऑर्केस्ट्रामध्ये हळू म्हणजे खरंच हळू असतं आणि जोरात म्हणजे भिंत हलवणारं. हिंदी गाण्यांसारखं सगळं एका पातळीवर नसतं. म्हणून आधी सगळ्यात मोठा भाग लावून आवाज ठरवा आणि मग हात लावू नका. कुकरच्या शिट्ट्या चालू असताना तर नकोच.

आणि शफल बंद. हे मी अनुभवाने सांगतोय. पहिल्यांदा त्याचा व्हायोलिन कॉन्चेर्टो (कॉन्चेर्टो म्हणजे बहुतेक वेळा एक वाद्य पुढे आणि मागे ऑर्केस्ट्रा, अशी लांब रचना) ऐकला तेव्हा शफल चालू राहिलं होतं, त्यामुळे तिसरा भाग आधी, मग बनियनची जाहिरात, मग पहिला, आणि मी आपला "किती धाडसी रचना आहे" म्हणत बसलेलो.

पायरी १: रथांची परेड, पण तीनदा

यूट्यूबवर बेन-हरमधली परेड ऑफ द चॅरियटीअर्स शोधा, जेमतेम साडेतीन मिनिटांची आहे. एकदा नुसती ऐका. दुसऱ्यांदा वरच्या ट्रम्पेटकडे दुर्लक्ष करून फक्त खाली काय चाललंय ते ऐका, ढोल आणि जड पितळी वाद्यं. आपला कान एका सुरावटीच्या मागे जाणारा आहे, गायक एक आणि बाकी सगळे साथीला, इथे तसं नसतं, खालचा माणूससुद्धा स्वतःचं काहीतरी सांगत असतो, हे एकदा ऐकू आलं की निम्मं काम झालं.

तिसऱ्यांदा ऐकायच्या आधी एक प्रयोग करा. घरात पेटी असेल तर पेटी, नाहीतर मोबाईलवर पियानोचं कुठलंही फुकट ॲप. सा आणि प एकदम दाबा. आता दोन्ही बोटं तशीच ठेवून एक पट्टी वर सरका, मग खाली, मग दोन पट्ट्या वर. असं सा-प जोडीने सरकत राहिलं की जो एक रुंद, कोरडा, दगडी आवाज येतो ना, तोच रोझाचा रोम. पाश्चात्त्य संगीताच्या क्लासमध्ये पोरांना पहिल्या वर्षी सांगतात की असं करायचं नाही, या जोड्या सरकवणं म्हणजे चूक. रोझाने ती चूक मुद्दाम केली. खरं रोमन संगीत कसं होतं हे कुणालाच नीट माहीत नाही, त्याने १९५१ च्या 'क्वो वादिस'साठी जुन्या ग्रीक वगैरे सुरावटींचे जे तुकडे शिल्लक आहेत ते धुंडाळले होते, पण कानाला "जुनं" वाटायला लावतं ते या सरकत्या जोड्यांमुळे.

पायरी २: वल्ह्यांचा सीन, आता बघत बघत

बेन-हर गुलाम म्हणून जहाजाच्या पोटात वल्हं मारतोय आणि रोमन अधिकारी गंमत बघत वेग वाढवायला लावतो. समोर एक जण हातोड्याने ठोके देतो, ते ठोके म्हणजे ठेका, आणि वरती ऑर्केस्ट्राची एकच छोटी सुरावट फिरतेय. मग हुकूम येतो, लढाईचा वेग. मग हल्ल्याचा. मग धडक मारायचा. सुरावट तीच, फक्त लय चढते आणि एकेक वाद्य वाढत जातं. आपल्याकडे सतारीवर शेवटी द्रुत लयीत 'झाला' वाजतो तेव्हा छातीत जे होतं तेच होतं. हा सीन आवाज बंद करून एकदा बघा, मग आवाज चालू करून, मग स्क्रीन पालथी घालून फक्त ऐका. पार्श्वसंगीत काय काम करतं हे या तीन फेऱ्यांत जेवढं कळतं तेवढं मला तरी कुठल्या पुस्तकातून कळलं नाही.

सिनेमा सव्वातीन तासांच्या वर आहे, पहिल्याच दिवशी अख्खा बघायचा हट्ट नको. पण सुरुवातीचं ओव्हर्चर ढकलून पुढे जाऊ नका, पडद्यावर मायकेलँजेलोचं चित्र स्थिर असतं आणि सहा-सात मिनिटं नुसतं संगीत. पुढे येणारे सगळे मुखडे तिथे आधीच भेटतात. येशू सिनेमात येतो तेव्हा त्याचा चेहरा दाखवत नाहीत, आवाज ऐकवत नाहीत, म्हणजे तो आलाय हे सांगायचं काम संगीतावरच, आणि तिथे तंतुवाद्यांबरोबर ऑर्गन येतो. दिग्दर्शक वायलरला जन्माच्या प्रसंगाला 'अडेस्टे फिडेलिस' हे नेहमीचं नाताळचं गाणं हवं होतं. रोझा हटून बसला की नाही लावणार, ते त्या काळाच्या शेकडो वर्षं नंतरचं आहे, आणि स्वतःचं लिहून दिलं. त्याचं बरोबरच होतं.

पायरी ३: गावची बोली ओळखा

इथे जरा थांबू, कारण मला सांगायची खरी गोष्ट हीच आहे. रोझाने स्वतःच्या आत्मचरित्राला नाव दिलं 'डबल लाइफ', दुहेरी आयुष्य. सिनेमा एकीकडे, कॉन्सर्ट एकीकडे, दोन्ही वेगळे ठेवायचे असं त्याचं धोरण होतं, एमजीएम स्टुडिओशी करार करताना उन्हाळ्याचे तीन महिने स्वतःच्या लिखाणासाठी मोकळे मागून घेतलेले. सगळं खरं. पण तुम्ही दोन्ही मांडीला मांडी लावून ऐका, माणूस एकच आहे, बोलीवरून पकडला जातो. जसा मालवणचा माणूस मुंबईत चाळीस वर्षं राहून इंग्रजी बोलला तरी हेल जात नाही तसं.

बोलीच्या तीन खुणा सांगतो.

पहिली म्हणजे जोर. हंगेरियन भाषेत प्रत्येक शब्दाच्या पहिल्या अक्षरावर जोर असतो, त्यामुळे त्यांच्या गाण्यांत आखूड-लांब अशी जोडी सारखी येते आणि ठोसा आखूडवर. "त-धाऽ, त-धाऽ", त वर थाप. रोझाच्या रोमन मार्चमध्ये हे आहे, गुन्हेगारी सिनेमांत आहे, कॉन्चेर्टोत आहे, एकदा कळलं की मग सुटका नाही.

दुसरी स्वरांची. हंगेरीतली जुन्या धाटणीची लोकगीतं पाच स्वरांवर असतात, सा, कोमल ग, म, प, कोमल नि. बघा, हा आपला धानी! राग म्हणून नव्हे हं, चलन वेगळं, पण स्वर तेच. त्यामुळे रोझाची एखादी धून मराठी कानाला अचानक ओळखीची वाटते, त्यात आश्चर्य काही नाही.

तिसरी, या गाण्यांची सुरुवात वर होते आणि मग घसरत घसरत खाली, बऱ्याचदा दुसरा अर्धा भाग म्हणजे पहिलाच, पण पाच स्वर खालून म्हटलेला. रोझाच्या लांब सुरावटी अशाच वरून खाली येतात. हे कान देऊन ऐकायला त्याचा कोवळ्या वयातला ओपस ५ घ्या, उत्तर हंगेरीच्या शेतकऱ्यांची गाणी आणि नाच, व्हायोलिनवर. छोटे छोटे तुकडे आहेत, चहा होईपर्यंत संपतं.

(ओपस म्हणजे प्रकाशित रचनेचा अनुक्रमांक, बाकी काही भारी नाही. नंबर लहान तर रचना तरुणपणची, एवढं कळलं की पुरे.)

पायरी ४: अंधारातले सिनेमे

रोझा म्हणजे फक्त रोमन आणि तलवारी असं समजून बरेच जण इथेच थांबतात, आणि मला विचाराल तर त्याचं सगळ्यात धारदार सिनेसंगीत १९४४ ते ४८ मधलं आहे, खून, दारू, वेड, पावसात भिजलेले रस्ते. 'डबल इन्डेम्निटी' (१९४४) पासून सुरू करा. स्टुडिओच्या संगीत विभागाच्या साहेबांना ते अजिबात आवडलं नव्हतं, ते म्हणाले हे असलं कार्नेगी हॉलमध्ये (न्यूयॉर्कचं कॉन्सर्टचं मोठं सभागृह) वाजवायचं, रोझाने आभार मानले, तर साहेब म्हणाले मी कौतुक करत नव्हतो. आता दोन मिनिटं टायटल्स ऐका, कुबड्या घेतलेला माणूस पडद्यावर आपल्याकडे चालत येतोय आणि खालून जड पावलं टाकणारं संगीत, आणि ठरवा कोण बरोबर ते.

मग हिचकॉकचा 'स्पेलबाउंड' (१९४५), याला पहिलं ऑस्कर. यात थेरेमिन आहे, म्हणजे एका रशियन शास्त्रज्ञाने शोधलेलं वाद्य, ज्याला हात लावायचाच नाही, हवेत हात हलवले की सूर वर-खाली होतो, आवाज बाई कण्हतेय आणि करवत चालतेय याच्या मधला. नायकाला झटके येतात तेव्हा ते येतं. त्याच सुमारास 'द लॉस्ट वीकेंड'मध्येही दारुड्याच्या तलफेला त्याने थेरेमिनच वापरलं, तर स्पेलबाउंडचा निर्माता भडकला, ऑफिसातून फोन आला की तुम्ही तिथेही थेरेमिन वापरलंत का? रोझा म्हणाला हो, आणि पिकोलो, ट्रँगल, व्हायोलिन पण वापरलंय.

'द किलर्स' (१९४६) चे चार सूर, डम्-ड-डम्-डम्, नंतर 'ड्रॅगनेट' या अमेरिकन मालिकेच्या ट्यूनमध्ये जसेच्या तसे सापडले आणि वकिलांपर्यंत प्रकरण गेलं, शेवटी त्यात रोझाचंही नाव लागलं. आपल्याकडची उदाहरणं ज्याची त्याने आठवावीत.

पायरी ५: पूल

आता सिनेमातून कॉन्सर्टकडे जायचं, आणि इथे नशिबाने एक रेडिमेड पूल बांधलेला आहे.

१९५३ च्या उन्हाळ्यात, त्या मागून घेतलेल्या सुट्टीत, इटलीतल्या रापालो गावी बसून रोझाने व्हायोलिन कॉन्चेर्टो लिहिला, ओपस २४, याशा हायफेट्झसाठी. हायफेट्झ म्हणजे त्या काळचा व्हायोलिनचा शेवटचा शब्द. त्याने १९५६ मध्ये डॅलसला पहिल्यांदा वाजवला आणि त्याच वर्षी रेकॉर्ड केला. दिग्दर्शक बिली वाइल्डर त्या रेकॉर्डच्या प्रेमात पडला, आणि शेरलॉक होम्स व्हायोलिन वाजवतो हे आपल्याला माहीतच आहे, तर त्याने रोझाला सांगितलं की मला या कॉन्चेर्टोवरच सिनेमाचं संगीत करून दे. तो सिनेमा 'द प्रायव्हेट लाइफ ऑफ शेरलॉक होम्स', १९७०. म्हणजे नेहमी सिनेमाचं संगीत कॉन्सर्टला जातं, इथे उलटा प्रवास. त्यात बॅलेच्या प्रसंगात ऑर्केस्ट्रा चालवणारा जो माणूस दिसतो तो खुद्द रोझा, नीट बघा.

कसं करायचं ते सांगतो. आधी सिनेमा बघा, नुसता मजेत, त्यातली बाई आणि होम्स यांच्या मधे जी उदास सुरावट येते ती गुणगुणता येईपर्यंत. दुसऱ्या दिवशी कॉन्चेर्टोचा फक्त दुसरा भाग लावा, लेंतो कांताबिले, म्हणजे संथ आणि गायल्यासारखं. ती सुरावट तिथे बसलेली असेल, पण आता तिच्यापुढे कुठला चेहरा नाही, संवाद नाही, आणि ती कुणासाठी थांबत नाही, स्वतःला पाहिजे तेवढं बोलते. मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की कॉन्सर्टचं संगीत "अवघड" नसतं, त्याला फक्त कुणाची साथ करायची नसते. मग दोनेक दिवसांनी पूर्ण अर्धा तास, तिन्ही भाग, ओळीने. भागांच्या मधे शांतता येते, ते संपलं असं समजू नका.

हायफेट्झची रेकॉर्डिंग जुनी आहे पण आग आहे. आवाज स्वच्छ हवा असेल तर जेनिफर पाइकने बीबीसी फिलहार्मोनिकबरोबर वाजवलेला घ्या.

पायरी ६: विनापडद्याचा रोझा

आता ओपस १३, थीम, व्हेरिएशन्स अँड फिनाले, १९३३ ची रचना, सिनेमाचं नावही नव्हतं तेव्हाची. एक सुरावट आणि मग तिची रूपं. आपल्या बंदिशीत मुखडा दरवेळी तसाच परत येतो आणि मधल्या वाटा बदलतात, इथे मुखडाच वेश बदलून येतो, कधी नाचत, कधी लंगडत, कधी ओळखूच येत नाही. म्हणून सुरुवातीची सुरावट आधी दोन-तीनदा रिवाइंड करून पाठ करा, ती घाई केली तर पुढचं सगळं धूसर. १४ नोव्हेंबर १९४३ ला कंडक्टर ब्रूनो वॉल्टर आजारी पडला म्हणून पंचवीस वर्षांचा लिओनार्ड बर्नस्टाइन रिहर्सलशिवाय न्यूयॉर्क फिलहार्मोनिकपुढे उभा राहिला आणि एका दुपारीत प्रसिद्ध झाला, त्या कार्यक्रमात ही रचना होती.

त्यानंतर ओपस १७, फक्त तंतुवाद्यांसाठीचा कॉन्चेर्टो. हा १९४३ चा आहे, युद्ध चालू, घर हंगेरीत. कडक आहे, गोडवा शोधायला जाऊ नका. व्हायोला (व्हायोलिनचा जरा मोठा, खालच्या सुराचा भाऊ) कॉन्चेर्टो ओपस ३७ मी अजूनही पूर्ण पचवलेला नाही, तरी शेवटच्या काळातलं त्याचं सगळ्यात खोल लिखाण ते, असं माझं मत. चेलोवाला कॉन्चेर्टो (चेलोवादक यानोश श्टार्करसाठी लिहिलेला) मात्र मला दर वेळी मधेच सोडावासा वाटतो, तुमचं वेगळं होऊ शकतं.

मधे मधे कंटाळा आला की 'एल सिड' (१९६१) चं ओव्हर्चर लावायचं. त्यासाठी तो स्पेनला जाऊन मध्ययुगीन गाणी अभ्यासून आला होता, आणि तरी बघा, स्पॅनिश कपड्यांतून तो हंगेरियन ठोसा बाहेर येतोच.

अल्बम घेताना

एकाच सिनेमाच्या नावाचे चार-पाच अल्बम दिसतात. काही मूळ सिनेमासाठी वाजवलेले, काही नंतर नव्याने रेकॉर्ड केलेले. मूळ म्हणजेच भारी असा नियम नाही, चाळीसच्या दशकातल्या रेकॉर्डिंगमध्ये खालचे सूर चिखलात गेलेले असतात. 'एल सिड', 'क्वो वादिस', 'थीफ ऑफ बगदाद' हे प्रागच्या ऑर्केस्ट्राने निक रेनच्या हाताखाली पूर्ण वाजवलेत, नवख्याने ते घ्यावेत. फक्त दोन-दोन तास सलग नको, पार्श्वसंगीत सलग ऐकणं म्हणजे नुसत्या फोडण्या खाण्यासारखं आहे.

आणि शक्य असेल तर एकदा तरी खरा ऑर्केस्ट्रा समोर बसून ऐका, रोझाच पाहिजे असं नाही. मुंबईत नरिमन पॉइंटला एनसीपीएमध्ये सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया वाजवतो, २००६ पासून. बारा डबल बास-चेलो एकदम खाली घासतात तेव्हा खुर्चीतून जे वर येतं ते कुठल्याही इअरफोनमधून येत नाही. दोन भागांच्या मधे टाळ्या वाजवायच्या नाहीत, शेजारचे वाजवतील तेव्हा वाजवा.

सगळ्यात शेवटी ऐकायचं

१९८२ मध्ये त्याने शेवटचा सिनेमा केला, जुन्या गुन्हेगारी सिनेमांची टिंगल करणारा, ज्यात जुन्या सिनेमांचे खरे तुकडे घातले होते आणि त्यातल्या काहींना संगीत त्याचंच. त्याच वर्षी पक्षाघाताचा झटका आला. त्यानंतर ऑर्केस्ट्राचे तीस-तीस ओळींचे मोठे कागद लिहिणं जमेना, तर तो एकेका वाद्यासाठी लिहायला लागला, साथीशिवाय. बासरी ओपस ३९, व्हायोलिन ४०, मग क्लॅरिनेट, गिटार, ओबो. १९९५ ला गेला.

हे खरं तर आपल्या कानाला सगळ्यात जवळचं, कारण यात एकच ओळ आहे, खाली-वर दुसरं कुणी नाही. तरी मी ते शेवटी ठेवायला सांगतो. बासरीवाली सोनाटा रात्री लावा, पंखा बंद करून, कारण मधे श्वास घेतलेलाही ऐकू येतो, आणि ती "त-धाऽ" कुठे येते ते बघा.